दिवेलागणीचं पुस्तक

भोकरदन तालुक्यातल्या ख्रिस्ती घरात संध्याकाळी पुस्तक बाहेर निघतं ते बहुधा कापडातून. जुन्या लुगड्याचा धुवट तुकडा, त्याला चार टोकांची गाठ. गाठ सोडायची, पुस्तक कपाळाला लावायचं आणि सतरंजीवर बसलेल्यांपैकी ज्याला नीट वाचता येतं त्याच्या हाती द्यायचं. हा मान बहुतेक वेळा शाळेत जाणाऱ्या मुलीकडे जातो. ती ओळीवर बोट ठेवून एक अध्याय वाचते. मध्येच एखाद्या शब्दावर अडली तर आजोबा तो शब्द पुरवतात. त्यांना वाचता येत नाही, पण तो अध्याय त्यांना पाठ आहे. मग एक गाणं; खंजिरी असली तर खंजिरीवर, नसली तर टाळ्यांवर. त्यानंतर घरातलं वडीलधारं माणूस डोळे मिटून प्रार्थना करतं आणि तिच्यात नावं येऊ लागतात: तापानं पडलेली शेजारीण, पुण्यात कंपनीत लागलेला मुलगा, कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेले भाऊ-भावजय, गाभण म्हैस, लांबलेला पाऊस. शेवटी सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतात. वीस मिनिटांत उरकतं. मग भाकरी.

या वीस मिनिटांमागे दीडशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. त्यात स्कॉटलंड आहे, हैदराबादचे दिवाण आहेत, मुंबईच्या न्यायालयातला एक गाजलेला खटला आहे, दुष्काळ आहेत, विहिरी आहेत. पण या सगळ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कुठल्याही धर्मग्रंथाला हात लावू दिला गेला नाही, त्यांच्या घरात एक ग्रंथ आला आणि तो रोज उघडला गेला.

बाहेरून आलेली श्रद्धा भोकरदनला नवी नाही. केळणा नदीच्या काठचं हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांची नावं दगडावर कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनचे दातेही आहेत. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथं उत्खनन केलं. इथं मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचं साम्य इटलीतल्या पॉम्पेईला सापडलेल्या मूर्तीशी आहे, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं. पैठणहून उत्तरेकडं जाणाऱ्या व्यापारी वाटेवरचं हे ठिकाण; माल जाई तशी माणसं जात, आणि माणसांबरोबर त्यांच्या उपासना. याच तालुक्यात आन्व्याचं शिवमंदिर आहे, राजूरचा गणपती आहे. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, घनसावंगी तालुक्यातल्या जांबेला, समर्थ रामदासांचा जन्म झाला. दिवेलागणीला देवाचं नाव घ्यायचं, हे या मातीला कुणी शिकवायची गरज नव्हती. कुणाला कुठं बसून घेऊ द्यायचं, हा प्रश्न होता.

मराठवाड्याच्या या भागात प्रोटेस्टंट मिशनचं मोठं केंद्र उभं राहिलं ते भोकरदनहून दक्षिणेला, जालन्याला. भोकरदन तेव्हा निजामाच्या मुलखात होतं. जालना जिल्हा तर १ मे १९८१ ला, पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्यातून आणि परभणीच्या परतूर तालुक्यातून, वेगळा झाला. एकोणिसाव्या शतकात जालना म्हणजे कापड आणि धान्याची पेठ, आणि शेजारी १८२७ पासूनची हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी. छावणीत गोरे अधिकारी, त्यांच्यासाठी उपासना. ते सगळं त्यांच्यापुरतं होतं. खेड्यांकडं वळणारा माणूस आला तो मराठी बोलणारा होता, आणि ब्राह्मण घरातला होता.

नारायण शेषाद्री परळीकर. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला हा तरुण १८४३ मध्ये रेव्हरंड रॉबर्ट नेस्बिट यांच्या हातून बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला. तेच वर्ष स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठ्या फुटीचं. पाळक निवडण्याचा अधिकार जमीनदारांनी गाजवावा की मंडळीनं, या वादातून शेकडो पाळक घरदार आणि पगार सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापन केलं. मुंबईतले डॉ. जॉन विल्सन आणि नेस्बिट त्यांच्याबरोबर गेले. म्हणजे नारायण ज्या मंडळीत शिरले ती मंडळीही त्याच वर्षी आपलं छप्पर सोडून उघड्यावर आलेली होती.

मुंबई हादरली ती मात्र नारायणांच्या धाकट्या भावामुळं. बारा वर्षांचा श्रीपाद भावाच्या मागोमाग नेस्बिटसाहेबांकडं राहायला गेला. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली. न्यायालयानं मुलगा अज्ञान ठरवून वडिलांच्या ताब्यात दिला. खटला संपला, पण पेच तिथूनच पुढं सुरू झाला: मिशनऱ्याच्या घरी जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचं की नाही? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावं अशी बाजू घेतली, जगन्नाथ शंकरशेट त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि सनातनी मंडळींचा रोष बाळशास्त्र्यांनी ओढवून घेतला. आधुनिक महाराष्ट्रातल्या शुद्धीच्या चर्चेचा आरंभ इथून धरतात. या प्रकरणावर भरपूर लिहिलं गेलं आहे. थोरल्या भावाचं पुढं काय झालं, हे मात्र मराठी वाचकाला क्वचितच सांगितलं जातं.

नारायण शेषाद्री १८५४ मध्ये दीक्षित पाळक झाले. मुंबईतच राहून शिकल्यासवरल्या तरुणांशी वाद घालत आयुष्य काढणं त्यांना सोपं होतं. इंग्रजी उत्तम, वक्तृत्व उत्तम. ते जालन्याला आले आणि त्यांच्याभोवती जमले ते प्रामुख्यानं मांग समाजातले लोक. दोर वळणारे, केरसुण्या बांधणारे, हलगी वाजवणारे, गावाच्या शिवेलगत राहणारे. परळीकरांच्या घरातला मुलगा मांगवाड्यात जाऊन बसतो, त्यांच्या हातचं पाणी पितो, ही गोष्ट त्या काळात कुठल्याही प्रवचनापेक्षा मोठ्यानं बोलली असणार.

त्या लोकांच्या मनात काय होतं हे त्यांनी लिहून ठेवलेलं नाही. पण त्याच समाजातल्या एका मुलीनं पुण्यात लिहिलं होतं. मुक्ता साळवे, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ ला छापून आला. तिचा प्रश्न थेट होता. वेद ब्राह्मणांचे, ते आम्हाला वाचण्याची मनाई, आमचं म्हणून धर्माचं पुस्तकच नाही. मग आमचा धर्म कोणता? जालन्याच्या मांगवाड्यातून ज्या माणसांनी शेषाद्रींच्या हातून बाप्तिस्मा घेतला, त्यांच्यापैकी कुणी हा निबंध वाचलेला असण्याचा संभव नाही. पण त्यातला सल त्यांचाच होता.

आणि उत्तर म्हणून त्यांच्या पुढ्यात जे आलं ते पुस्तकच होतं. मराठीत नवा करार पहिल्यांदा छापला गेला तो सेरामपूरला, विल्यम केरी यांच्या छापखान्यात, १८११ मध्ये. त्याला वैजनाथ पंडितांचा मोठा हातभार होता. मुंबईत अमेरिकन मराठी मिशननं नव्यानं भाषांतर करून १८२६ ला नवा करार आणि १८४७ ला संपूर्ण बायबल काढलं. शेषाद्री जालन्याला आले तेव्हा पुस्तक तयार होतं. वाचणारे तयार करायचे होते.

त्यासाठी एक वस्ती हवी होती. खेड्यात ख्रिस्ती झालेल्या माणसाचं बलुतं बंद व्हायचं, शेतात मजुरी मिळेनाशी व्हायची, नात्यात मुली देणं थांबायचं. पाणी तर आधीही दुसऱ्याच्या मेहेरबानीवर होतं. हैदराबादचे दिवाण सर सालार जंग यांनी जालन्याजवळ जमीन दिली आणि तिच्यावर शेषाद्रींनी गाव वसवलं: बेथेल. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब घर सोडून पळालेला असतो, उघड्या माळावर दगड उशाला घेऊन झोपतो, स्वप्नात आकाशाला टेकलेली शिडी पाहतो आणि उठल्यावर त्या जागेला बेथेल म्हणतो, म्हणजे देवाचं घर. बेघर झालेल्यांच्या गावाला याहून नेमकं नाव सापडणं कठीण. मुसलमान राज्याच्या दिवाणानं जागा द्यावी, ब्राह्मण घरातल्या पाळकानं गाव आखावं आणि मांगांनी तिथं आपल्या मालकीच्या विहिरीचं पाणी शेंदावं, असा हा योग होता. शेषाद्रींनी बेथेलची हकिगत परदेशातही सांगितली. ऑक्टोबर १८७३ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते बोलले, १८८० मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रेसबिटेरियन परिषदेलाही गेले. १८९१ मध्ये त्यांचं निधन झालं.

बेथेलसारख्या वस्त्यांनी आणि मिशनच्या खेडोपाडीच्या शाळांनी रोजच्या प्रार्थनेची जी घडी बसवली, तिचं मूळ शोधायला स्कॉटलंडच्या शेतकऱ्याच्या घरात जावं लागतं. १६४७ मध्ये तिथल्या चर्चनं कौटुंबिक उपासनेसाठी खास सूचना मंजूर केल्या होत्या. सकाळ-संध्याकाळ घरच्या कर्त्यानं मुलाबाळांना आणि गड्यामाणसांना एकत्र बसवावं, शास्त्र वाचावं, स्तोत्र गावं, प्रार्थना करावी. कवी रॉबर्ट बर्न्स यांनी अठराव्या शतकात एका गरीब कुणब्याच्या घरातल्या शनिवारच्या रात्रीवर कविता लिहिली, तिच्यात हेच दृश्य आहे: जेवण झालेलं, बापानं मोठं बायबल उघडलेलं. ही रीत देवळावर किंवा पुरोहितावर अवलंबून नव्हती. चूल पेटते त्या घरात ती होऊ शकत होती.

म्हणूनच ती मराठवाड्यात रुजली. इथं घरोघर संध्याकाळी हरिपाठ होत असे, देव्हाऱ्यापुढं दिवा लागत असे, बायका जात्यावर ओव्या म्हणत असत. स्कॉटलंडची 'कौटुंबिक उपासना' आणि मराठी सांजवात यांना एकमेकांची ओळख पटायला वेळ लागला नाही.

मिशनच्या खेड्यातला या सगळ्याचा कणा म्हणजे मास्तर. तो दिवसा पोरांना बाराखडी आणि पाढे शिकवी, रात्री त्याच शाळेच्या ओसरीवर मोठ्यांना बसवी. रविवारी पाळक दुसऱ्या गावी असले तर उपदेशही तोच करी. लग्न जमवणं, भांडण मिटवणं, तहसीलचा अर्ज लिहून देणं, मेलेल्याला माती देताना प्रार्थना करणं, सगळं मास्तरच्या अंगावर. बाप्तिस्मा मागणाऱ्याला दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना आणि प्रश्नोत्तरावली पाठ करावी लागे. अक्षरशून्य माणसं ती पाठ करत, कारण स्मरणशक्ती हेच त्यांचं आजवरचं ग्रंथालय होतं. पोतराज आणि वासुदेवाची गाणी ज्यांच्या कानात होती, त्यांना तेविसावं स्तोत्र तोंडी करणं अवघड गेलं नाही. त्यातला मेंढपाळ, हिरवं कुरण आणि संथ पाणी तर जालन्याच्या माळरानावर राहणाऱ्याला समजावून सांगावंच लागत नव्हतं.

बायकांमध्ये हे काम बायबल-बाई करत. बहुधा विधवा, वाचायला शिकलेली, पदर डोक्यावर, काखेत पिशवी. ती दुपारी घराघरांत जाऊन बसे, डाळ निवडता निवडता गोष्ट सांगे, बाळंतिणीची चौकशी करी. ही श्रद्धा पसरली ती व्यासपीठावरून फारशी नाही. पाळक आणि मिशनरी हिवाळ्यात तंबू घेऊन दौऱ्यावर निघत, आठवडी बाजारात आणि जत्रेत उभे राहून बोलत, शुभवर्तमानाच्या छोट्या पुस्तिका अगदी थोड्या पैशांत विकत. हे सगळं झालं. पण एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात, एका सोयऱ्याकडून दुसऱ्या सोयऱ्याकडं जे गेलं ते 'साक्ष' म्हणून गेलं. साक्ष देणं हा मराठी ख्रिस्ती बोलीतला नेहमीचा शब्द. आपल्यावर काय बेतलं आणि प्रभूनं त्यातून कसं नेलं, एवढंच सांगायचं. पोर आजारी होतं, बैल मेला, सावकारानं घर लिहून घेतलं, दारू सुटली. कोर्टातल्या साक्षीदारासारखं: पाहिलं तेवढंच बोलायचं.

या भागात फक्त स्कॉटिश मिशनच होतं असं नाही. औरंगाबादच्या छावणीत चर्च मिशनरी सोसायटीचं काम रतनजी नवरोजी या मूळच्या पारशी पाळकांनी अनेक वर्षं चालवलं. वैजापूर तालुक्यातलं घोगरगाव हे १८९२ पासूनचं कॅथलिक केंद्र; तिथं जपमाळ आणि मरियेची भक्ती रोजच्या प्रार्थनेत आली. पंथ निराळे, पण संध्याकाळी घरी बसण्याची सवय सारखीच.

मग दुष्काळ आले. १८७६ ते ७८ चा, आणि त्याहून जिव्हारी लागलेला १८९९-१९०० चा. मिशननं अन्नछत्रं घातली, अनाथ मुलं सांभाळली, आणि त्या काळात ख्रिस्ती होणाऱ्यांची संख्या वाढली. 'भाकरीसाठी बाटले' हा शब्द तेव्हापासून या लोकांच्या पाठीला चिकटला आहे. तो आरोप टाळून पुढं जाणं बरोबर होणार नाही. भुकेनं मरणारा माणूस भाकरी देणाऱ्याच्या देवाकडं वळला असेल, यात नवल काय? त्याच्या मनाची झडती घेण्याचा अधिकार पोटभर जेवलेल्यांना नाही. पण एक गोष्ट तपासता येते. अन्नछत्र बंद झालं, पाऊस पडला, मिशनचा पैसा आटत गेला, पुढं गोरे साहेब मायदेशी निघून गेले. कापडातलं पुस्तक मात्र त्यानंतरही रोज उघडलं जात राहिलं. पणतवंडाच्या पिढीपर्यंत कुणी भाकरीच्या आठवणीवर प्रार्थना करत नाही.

याच दुष्काळांनी पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन घडवलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली केडगावला आणल्या, १९०० मध्ये गुजरातेतून. तिथल्या जीवनाचा कणा रोजची प्रार्थना होती. १९०५ मध्ये मुलींच्या प्रार्थनागटांतून जे धर्मजागरण झालं त्याची दखल जगभरच्या ख्रिस्ती मंडळींनी घेतली. पण मराठवाड्यातल्या साध्या घराच्या दृष्टीनं रमाबाईंचं दुसरं काम जास्त जवळचं. प्रचलित बायबलाची भाषा संस्कृतप्रचुर, ती खेड्यातल्या बाईला कळत नाही, हे त्यांना खुपत होतं. संस्कृतच्या या पंडितेनं उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत नवं भाषांतर केलं. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवले ते तिथल्याच मुलींनी. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. भाषांतर पुरं झालं होतं, ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. दुष्काळात उचलून आणलेल्या मुलींनी शिशाच्या खिळ्याखिळ्यानं उभं केलेलं ते पुस्तक आहे, हे ध्यानात ठेवून ते हातात घ्यावं.

गाण्यांची कथा वेगळी. सुरुवातीची उपासनेची पदं इंग्रजी चालींवर बेतलेली होती आणि ती मराठी गळ्यात नीट बसत नव्हती. नगरकडं कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन लोकप्रिय केलं. मग आले नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पुढच्या चोवीस वर्षांत मराठी ख्रिस्ती माणसाला स्वतःच्या गळ्यातली प्रार्थना मिळाली: अभंग, ओवी, भजन. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो, असं टिळक सांगत. लक्ष्मीबाई टिळकांनी आधी किती विरोध केला, नवऱ्यापासून किती काळ दूर राहिल्या, सोवळंओवळं मनातून कसं हळूहळू गळालं आणि मग त्या स्वतः कशा ख्रिस्ती झाल्या, हे त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहे. श्रद्धा एका रात्रीत बदलत नाही, ती स्वयंपाकघरातून बदलत जाते, याचा इतका प्रामाणिक दस्तऐवज मराठीत दुसरा नाही. टिळकांची पदं 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून मराठी मुलखातल्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांत पोचली. वाचता न येणारे आजोबा आज जी पदं डोळे मिटून म्हणतात, त्यांतली कितीतरी टिळकांची आहेत. ती कुणाची हे त्यांना ठाऊक असतंच असं नाही.

विसाव्या शतकात चर्चच्या पाट्या बदलत गेल्या. फ्री चर्चचं युनायटेड फ्री चर्च झालं, १९२९ मध्ये ते चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये मिळालं. इकडं २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. दरम्यान निजामाचं राज्य सप्टेंबर १९४८ मध्ये संपलं. घरातल्या संध्याकाळच्या बैठकीला या बदलांनी फारसा धक्का लागला नाही.

धक्का लागला तो दुसऱ्याच गोष्टीनं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. गावानं मांग म्हणूनच वागवायचं आणि कागदानं मांग मानायचं नाही, अशी ही कोंडी. शिष्यवृत्ती, नोकरी, घरकुल, सगळं त्या एका दाखल्याशी बांधलेलं. त्यामुळं कागदावर एक आणि प्रार्थनेत एक अशी दोन नावं वागवणारी कुटुंबं निर्माण झाली. रंगनाथ मिश्र आयोगानं २००७ मध्ये धर्माची ही अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ मध्ये या प्रश्नासाठी न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला गेला. जातीचा काच चर्चच्या आतही पुरता गेला नाही, हेही नोंदवलं पाहिजे. पूर्वाश्रमीचे महार आणि पूर्वाश्रमीचे मांग यांच्यात सोयरीक जमणं अनेक मंडळ्यांत फार काळ अवघडच राहिलं. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणाऱ्यांनी एकमेकांच्या मांडवात बसू नये, याची खंत प्रत्येक पिढीतल्या पाळकांना वाटत आली आहे.

पाण्याची गोष्ट मात्र पुरी सांगायला हवी, कारण ती जालन्यातून सुरू होऊन जगभर गेली.

बेथेलला विहीर लागली तेव्हापासून मिशन आणि पाणी यांची सांगड होती. मराठवाड्याच्या जमिनीखाली काळा पाषाण. साधी विहीर उन्हाळ्यात तळ गाठते. साठच्या दशकात मिशननं इथं बोअर घेण्याचं काम हाती घेतलं. पाणी लागू लागलं, पण वर बसवलेले हातपंप टिकेनात. ते बिडाचे, परदेशी शेतघराच्या धर्तीवर घडवलेले. एका कुटुंबाच्या दिवसाला पाचपंचवीस बादल्यांसाठी. इथं पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव त्याच्यावर लोंबकळणार. सांधे झिजत, दांडा तुटे, आणि दुरुस्तीची वाट पाहत बायका पुन्हा नदीच्या झिऱ्याकडं वळत. जालन्याच्या मिशनच्या लोकांनी पंपाचा माथा बदलला. बिडाऐवजी पोलादी पत्रा, बऱ्याच सांध्यांऐवजी दांड्याला एकच भक्कम सांधा, आणि पंप थेट बोअरच्या केसिंगवर पक्का बसवलेला. त्याला 'जालना पंप' म्हणू लागले. नेवासे तालुक्यातल्या वडाळा मिशननं त्यात भर घातली, तो 'जलवाड'. जालन्यातला जल आणि वडाळ्यातला वाड. सोलापुरात त्यापुढची सुधारणा झाली, तो 'सोलापूर पंप'. सत्तरच्या दशकात युनिसेफनं पाहणी केली तेव्हा देशातले बहुसंख्य हातपंप बंद पडलेले आढळले; तेव्हा सोलापूर पंपाचा आधार घेऊन नवा पंप तयार झाला, कोइमतूरकडं त्याची चाचणी झाली, आणि तो 'इंडिया मार्क २' म्हणून लाखोंनी बसवला गेला. आफ्रिकेतल्या खेड्यांतही तो पोचला. बाहत्तरचा दुष्काळ ज्यांनी काढला त्यांच्या लेखी ही मोठीच गोष्ट. खडी फोडायची, सुकडी खायची, पाण्यासाठी कोसभर जायचं, अशा वर्षात गावाच्या मधोमध उभा राहिलेला, कुणाच्याही हातानं चालणारा पंप.

विहिरीवर जात विचारली जात होती. पंपावरही काही गावांत विचारली गेली. पण पोलादाचा दांडा शिवल्यानं पाणी बाटतं असं फार दिवस म्हणणं लोकांना जमलं नाही.

आता मराठवाड्यात गावोगाव नळयोजनेच्या टाक्या आहेत आणि मार्च उलटला की टँकर आहेत. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडं निघतात. खोपीत वीज नसते, अंग मोडून आलेलं असतं, पहाटे तीनला पुन्हा फडात जायचं असतं. तिथं पूर्ण अध्याय वाचणं होत नाही. गावाकडं मात्र आजी-आजोबांपाशी ठेवलेली लेकरं संध्याकाळी सतरंजीवर बसतात, नात गाठ सोडते, आणि प्रार्थनेत आई-बापांची नावं सगळ्यांच्या आधी येतात. अलीकडं फोन लावून ठेवतात. पलीकडं खोपीत पाचटावर बसलेल्या आईला वाचणारीचा आवाज ऐकू येतो, मागून बैलांच्या घुंगरांचा आवाज इकडं येतो, आणि 'आमेन' दोन्हीकडून होतं, थोडं मागंपुढं.